एक्स-रे पंजाचा होता की अंगठ्याचा?
घोडबंदर रोडवर बाइकवरून पडलेल्या भावाचा एक्स-रे नॉर्मल आला, तरी अंगठ्याच्या बुडाशी सूज आहे, असं तुम्ही लिहिलंय. तो एक्स-रे पंजाचा असेल तर त्यावर विसंबू नका. पंजा सपाट ठेवला की अंगठा तिरका पडतो आणि सांध्यातली चीर लपू शकते. हात पूर्ण आत वळवून, अंगठ्याची नखाकडची बाजू प्लेटवर टेकवून काढतात तो रॉबर्ट व्ह्यू. सोबत अंगठ्याचा लॅटरल, म्हणजे बाजूने काढलेला एक्स-रे हवाच. १८८२ साली वर्णन झालेल्या बेनेट फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यात शिरणाऱ्या फ्रॅक्चरमध्ये, हाडाचा छोटा तुकडा लिगामेंटमुळे जागेवर राहतो, उरलेलं हाड मात्र स्नायू ओढून नेतो. हाडाचा चुरा वाटला तर सीटी स्कॅन. माझ्या आईचे तीन आठवडे ‘मुरगळलंय’ म्हणण्यातच गेले, म्हणून कळकळीने सांगतेय, उद्याच ऑर्थोपेडिककडे न्या.