मदत हवी आहे: नव्या संचालकांसाठी सुधारणेचं टिपण, सोमवारपर्यंत

वैदर्भी_दिल्लीत
नमस्कार. घाईत लिहितेय. आमच्या मॅडमना संचालक होऊन दोन महिने झाले. नवीन आराखड्याप्रमाणे सगळी कामं याच वर्षी मार्गी लागली पाहिजेत, असा वरून आदेश आहे. मॅडमनी मला दहा पानी टिपण करायला सांगितलंय: संस्था या बदलातून कशी न्यायची, पहिल्या सहा महिन्यांत काय करायचं आणि काय करायचं नाही. सोमवारी सकाळी साडेदहाला द्यायचंय. आतापर्यंत तीन मसुदे केले, तिन्ही परत आले. शेवटच्यावर मॅडमनी पेन्सिलीने एवढंच लिहिलंय, "हे कुठल्याही संस्थेला लागू पडेल. आपली कुठे आहे यात?"
अशा कामातून कुणी गेलं असेल तर कृपया नेमकं सांगा. व्यवस्थापनाच्या पुस्तकातलं नको, ते सगळं वाचून झालंय.

बांधावरून
ताई, संस्था कुठली? स्वायत्त आहे की मंत्रालयाचं संलग्न कार्यालय? काम काय: पुस्तकं, प्रशिक्षण, परीक्षा? मॅडम आतल्याच की बाहेरून आलेल्या? मी डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण आणि प्रशिक्षण संस्थेत, एकवीस वर्षं व्याख्याता होतो, पण एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही.

वैदर्भी_दिल्लीत
नाव लिहीत नाही, समजून घ्या. केंद्राची आहे, शालेय शिक्षणाची, साहित्य आणि प्रशिक्षण दोन्ही. मॅडम विद्यापीठातून आल्या आहेत. स्वायत्त. अजून काय सांगू?

आकडेमोड
मी दोन बँकांच्या विलीनीकरणात तीन वर्षं होतो. सोपं आहे. प्रत्येक विभागाला पाच आकडे ठरवून द्या, दर सोमवारी ते संचालकांच्या टेबलावर आले पाहिजेत. किती साहित्य तयार, किती भाषांत, किती शिक्षक प्रशिक्षित, किती बाकी, किती दिवस उशीर. सहा आठवड्यांत संस्था हलायला लागते. दहा पानं लागणारच नाहीत, दोन पुरतील.

चौथी_ब
दादा, त्या आकड्यांचं खाली काय होतं ते सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. गेल्या पावसाळ्यात एक ऑनलाइन प्रशिक्षण आलं. शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) सगळ्या शिक्षकांची यादी पडद्यावर लावली, प्रत्येकाच्या नावासमोर टक्के. ज्यांचे शंभर झाले नव्हते ती नावं लाल. त्या रात्री मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, आवाज बंद केला, भाकरी थापता थापता मध्येच करंगळीने "पुढे" दाबत गेले. दहाच्या सुमारास प्रमाणपत्र आलं. दुसऱ्या दिवशी माझं नाव हिरवं.
विषय होता पायाभूत वाचन. माझ्या वर्गात तेव्हा सहा मुलं जोडाक्षरांवर अडली होती, मला ते खरंच शिकायचं होतं. रविवारी निवांत बसून पुस्तिका उघडली, तर तिच्यात पानोपानी "धाराप्रवाह वाचन". आम्ही अस्खलित म्हणतो, नाहीतर ओघाने वाचणं म्हणतो. हिंदीवरून शब्द जसेच्या तसे उचलले होते. तीन पानांनंतर मिटवून ठेवली. दिल्लीच्या तक्त्यात मी "प्रशिक्षित" आहे, आणि ती सहा मुलं दिवाळीपर्यंत तिथेच होती.

आकडेमोड
ताई, चूक आकड्याची नाही, आकडा निवडणाऱ्याची आहे. प्रमाणपत्रं मोजण्याऐवजी मुलं मोजा.

चौथी_ब
मुलं मोजायचं ठरलं की तो तक्ताही मीच भरायचा असतो ना. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा हेच झालं. कल्पना चांगली होती, मला आजही पटते. पण आकारिकच्या, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदी बाजारातल्या तयार पुस्तिकेतून उतरवल्या जायला लागल्या, कारण वर्गात पन्नास मुलं आणि नोंदवह्या तपासायला येणारे साहेब फक्त रकाने भरलेत का ते बघायचे.

वैदर्भी_दिल्लीत
चौथी_ब, हे फार उपयोगाचं आहे. पण मला संचालकांनी काय करायचं ते हवंय. शाळेचं माहीत आहे.

स्टॉकहोमकर
मी इथे स्वीडनमध्ये चौदा वर्षं आहे, दोन्ही मुलं इथल्याच नगरपालिकेच्या शाळेत. इथला अनुभव नीट बघा. इथे आधी राष्ट्रीय शाळा मंडळ होतं, बारीकसारीक सगळं तिथून ठरायचं. १९९१ मध्ये ते बंद करून स्कूलवेर्केट ही नवीन संस्था काढली: ध्येयं ठरवा, मूल्यमापन करा, बाकी नगरपालिकांवर सोडा. मग २००३ मध्ये शाळा सुधारणेचं काम तिच्यातून काढून वेगळ्या संस्थेला दिलं. २००८ मध्ये तीही बंद केली आणि तपासणीसाठी स्वतंत्र निरीक्षण संस्था काढली. म्हणून माझं सांगणं: मदत करणारा आणि तपासणारा एक नको. शिक्षक तपासणाऱ्याला आपली अडचण सांगत नाही. मॅडमनी पहिल्याच महिन्यात हे दोन हात वेगळे करावेत.

बांधावरून
दोन हात वेगळे हे मान्य. पण गोष्ट अर्धी सांगितलीत. त्याच सुमारास तिकडे शिक्षकांचा कारभार केंद्राकडून नगरपालिकांकडे गेला, शिक्षक संघटनांचा विरोध असताना. छोट्या नगरपालिकांकडे ते पेलायला माणसंच नव्हती. पुढे २०१२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत स्वीडनची घसरण सगळ्या जगाने पाहिली. वरची संस्था मोडून नवीन पाटी लावणं सोपं असतं हो, खाली पेलणारं कुणी आहे का ते कोण बघतं?

स्टॉकहोमकर
घसरणीला एकच कारण नव्हतं. खासगी शाळांना सरकारी पैसा, शाळा निवडीची मुभा, सगळं त्याच दशकात आलं. दोष एकट्या संस्थेच्या माथी मारू नका.

बांधावरून
मारत नाही. पण आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही विषय. केंद्राची संस्था राज्यांना हुकूम देऊ शकत नाही, फक्त पटवू शकते. म्हणून ताई, परदेशापेक्षा २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा कसा झाला ते टिपणात घ्या. २००० चा आराखडा वादात सापडला होता, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २००४ मध्ये कृष्ण कुमार एनसीईआरटीचे, म्हणजे शालेय अभ्यासक्रम आणि पुस्तकं करणाऱ्या केंद्राच्या संस्थेचे, संचालक झाले, तेही विद्यापीठातूनच आलेले. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली पस्तीस जणांची सुकाणू समिती आणि तिच्या हाताखाली एकवीस अभ्यासगट: गणित, भाषा, कलेपासून शांततेसाठी शिक्षणापर्यंत. गटांत प्राध्यापक होते तसे शाळेत शिकवणारेही होते. मसुदा भारतीय भाषांत गेला, मतं मागवली गेली. पुस्तकं लिहायला बसायच्या आधी हे सगळं झालं. मी तेव्हा एका विभागीय चर्चेला गेलो होतो. माझ्या शेजारी कागलच्या बाजूचे एक प्राथमिक शिक्षक होते. भूमितीवर बोलायला उठले आणि शेणाने सारवलेल्या अंगणातल्या रांगोळीच्या ठिपक्यांवर वीस मिनिटं बोलले. समोरच्या प्राध्यापिका भराभर लिहून घेत होत्या. ते गृहस्थ चहाच्या वेळी म्हणाले, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं लिहून घेतलं.

आईबाबा२०१९
मध्येच विचारते, राग मानू नका. मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. एवढे बदल होतायत तर सीबीएसईला घालावं की राज्य मंडळाला?

सुमतीकाकू
मराठी माध्यमात घाला आणि घरी वाचून दाखवा. बालभारती १९६७ पासून आहे, आमच्या घरात तीन पिढ्या त्यावर शिकल्या. धाकटा आज भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे.

आईबाबा२०१९
काकू, पण बदली झाली तर? यांची नोकरी फिरतीची आहे.

वैदर्भी_दिल्लीत
कृपया यासाठी वेगळा धागा काढाल का? माझ्याकडे शनिवार-रविवारच आहेत.
बांधावरून सर, एकवीस गट वगैरे छान आहे, पण आमच्याकडे गट चालवायला माणसं कुठे आहेत? अध्यापकांच्या निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या आहेत. बरंचसं काम कंत्राटी मुलं-मुली करतात, त्यांची ऑर्डर दर सहा महिन्यांनी नव्याने निघते.

फाईल_नं_सात
ताई, हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं! आता कळलं मसुदे का परत येतायत. मी केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालो. मला सांगा: भरती नियम शेवटचे कधी बदलले? जागा किती वर्षं रिकाम्या आहेत? वित्त सल्लागार संस्थेचे स्वतःचे आहेत की मंत्रालयाचे अतिरिक्त कार्यभारावर? मॅडमचा कार्यकाळ किती?

वैदर्भी_दिल्लीत
कार्यकाळ पाच वर्षं. वित्त सल्लागार अतिरिक्त कार्यभारावर. भरती नियम जुने आहेत, बदलाची फाईल फिरतेय. काही जागा सहा-सात वर्षं रिकाम्या असतील. त्याचा अभ्यासक्रमाशी काय संबंध?

फाईल_नं_सात
सगळा संबंध तिथेच आहे. काही वर्षं रिकामं राहिलेलं पद आपोआप रद्द झालं असं समजलं जातं, आणि ते परत जिवंत करायला वित्त मंत्रालयाच्या खर्च विभागाची मंजुरी लागते. म्हणजे कागदावर मंजूर दिसणाऱ्या तुमच्या कितीतरी जागा आज अस्तित्वातच नसतील. मॅडम आराखड्याची कामं वाटतील आणि ती करणारं पदच नसेल. पहिलं पान हे करा: विभागवार पदं, कुठलं भरलंय, कुठलं रिकामं, कुठलं मेलंय, प्रत्येकाची तारीख. हे दुसऱ्या कुठल्याच संस्थेला लागू पडणार नाही.
दुसरं, काय करायचं नाही ते मॅडमकडून लेखी घ्या. एनटीएचं बघा, देशपातळीवरच्या परीक्षा घेणारी केंद्राची संस्था. २०२४ मध्ये नीटचा गोंधळ झाला, यूजीसी नेट परीक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. परीक्षा सुधारणेसाठी राधाकृष्णन समिती बसली, १०१ शिफारशी आल्या. सरकारने जाहीर केलं की २०२५ पासून ती संस्था भरती परीक्षा घेणार नाही, फक्त उच्च शिक्षणाच्या प्रवेश परीक्षा घेईल. कामाचा पसारा माणसांच्या मानाने कमी करणं हीसुद्धा सुधारणाच आहे, आणि ती संचालकालाच मांडावी लागते. खालचा कुणी मांडणार नाही.

आकडेमोड
याला मात्र माझं पूर्ण अनुमोदन. बँकेतही आम्ही आधी माणसं मोजली होती.

मुठा_काठ
आणखी एक. वादळ आलं की संचालक कुठे उभे राहणार, ते आधीच ठरलेलं असावं. २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला, इथे पुणे विद्यापीठात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पळशीकर आणि योगेंद्र यादव त्या पुस्तकांच्या सल्लागारपदावरून बाजूला झाले. २०२३ मध्ये पुस्तकांतून मजकूर वगळला गेला तेव्हा आम्हाला विचारलं नाही, आमची नावं काढा, असं दोघांनी पत्र लिहिलं. पुस्तकं सामूहिक कामाची आहेत, नावं काढता येणार नाहीत, असं एनसीईआरटीने सांगितलं. कुणाचं बरोबर हा वाद इथे नको. पण मजकूर कोण बदलेल, कोणाला विचारून, आणि लेखकाचं नाव कधी राहील, कधी जाईल, हे लिहून ठेवलेलं नसेल तर चांगली माणसं दुसऱ्यांदा येत नाहीत.

दिलखुलास७७
संचालकपद ही निवड प्रक्रियेतून भरली जाणारी जागा असते. जाहिरात निघते, प्राध्यापकपदाचा अनुभव लागतो. इच्छुकांनी रोजगार समाचार बघत राहावा.

फाईल_नं_सात
अहो, मॅडम आधीच संचालक आहेत.

चौथी_ब
ताई, माझं एकच. कंत्राटी मुलं-मुली म्हणालात, मराठीचं भाषांतर तेच करतात का?

वैदर्भी_दिल्लीत
हो. मराठीला एक मुलगी आहे, परभणीची. महिन्याला जवळपास चारशे पानं तिच्याकडे येतात, मूळ इंग्रजी कधीच नाही, हिंदी मसुदाच. तपासायला कुणी नाही. "धाराप्रवाह" तिथूनच येत असणार. तिचा दोष नाही.

चौथी_ब
मग मॅडमना तिच्या शेजारी एक दिवस बसवा. आणि तिला आमच्यासारख्या दहा शिक्षकांशी जोडून द्या, आम्ही फुकट वाचून देऊ. शपथेवर सांगते, देऊ.

वैदर्भी_दिल्लीत
(सोमवार, रात्री)
टिपण दिलं. दहाची सहाच पानं झाली. पहिलं पान पदांचा तक्ता. काल दिवसभर प्रशासनाच्या कपाटापाशी बसून केला. विषयतज्ज्ञांची अकरा पदं मंजूर यादीत आहेत, पण नियमाने रद्द झालेली, आणि हे दोन विभागप्रमुखांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या पानावर थांबवायच्या कामांची यादी. मदत आणि तपासणी वेगळी करण्याचं आणि मजकूर बदलाच्या लेखी नियमांचं घेतलंय. २००५ च्या गटांचं अर्धं पान, रांगोळीसकट.
मॅडमनी वाचलं, तक्त्यापाशी बराच वेळ थांबल्या. मग विचारलं, परभणीची मुलगी कुठे बसते? मी घेऊन गेले. तिसऱ्या मजल्यावर जिन्याखालच्या खोलीत. मॅडम तिथे सव्वा तास होत्या. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, भाषांतरासाठी आलेला नवीन गठ्ठा गुरुवारपर्यंत खाली पाठवू नका.
खर्च विभागाचा प्रस्ताव मला लिहायचाय. फाईल_नं_सात सर, पदं पुन्हा मंजूर करून घेण्याच्या प्रस्तावात कामाच्या समर्थनाचा मजकूर कसा असतो, तेवढं सांगाल का? आणि चौथी_ब ताई, दहा शिक्षक खरंच मिळतील का? कोकण आणि मराठवाड्यातले दोन-तीन तरी हवेत.

चौथी_ब
सात झालेत. लांज्याच्या एक बाई आणि उमरग्याचे एक गुरुजी आहेत त्यात. उरलेले शिक्षण परिषदेत विचारते, शुक्रवारी आहे.