ऑरोरा : अर्थसंकल्पातला पुरावा किती भक्कम?

ऑरोरा म्हणजे अमेरिकेने ऐंशीच्या दशकात गुपचूप बनवलं असं म्हटलं जाणारं हायपरसॉनिक, म्हणजे आवाजाच्या पाचपटीहून वेगवान विमान. 'अमेरिकेच्या अर्थसंकल्पातच नाव सापडलं, म्हणजे ऑरोरा विमान होतंच' हा अनेकदा मांडला जाणारा मुद्दा मला पटत नाही. 1985 च्या त्या कागदात ऑरोरा या नावापुढे 1987 साठी सुमारे 45.5 कोटी डॉलर दाखवले होते, हे खरं. पण त्यात ना वेग, ना इंजिन. लॉकहीड या विमान कंपनीच्या स्कंक वर्क्स या गुप्त विमानं बनवणाऱ्या विभागाचे माजी प्रमुख बेन रिच यांनी नंतर सांगितलं, की ते बी-2 बॉम्बरच्या स्पर्धेसाठीच्या निधीचं सांकेतिक नाव होतं.

मला खरं अस्वस्थ करतं ते 1989 चं उत्तर समुद्रावरचं दृश्य. तेलविहिरीच्या रिगवरून एका अभियंत्याने केसी-135 टँकर (हवेत इंधन भरणारं विमान) आणि दोन एफ-111 लढाऊ विमानं यांच्यासोबत एक काळं त्रिकोणी विमान पाहिलं. हा माणूस ब्रिटनच्या रॉयल ऑब्झर्व्हर कोअरमध्ये विमानं ओळखण्यात मुरलेला, त्यामुळे त्याचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. फक्त, टँकरशेजारी उडणारं विमान हायपरसॉनिक आहे हे नुसतं बघून कसं ठरवणार? त्रिकोणी आकार एवढंच हाती लागतं.

शिवाय तंत्रज्ञान बघा. नासाचं मानवविरहित एक्स-43ए 2004 मध्ये मॅक 9.6 च्या (आवाजाच्या 9.6 पट वेगाच्या) आसपास गेलं, पण बी-52 बॉम्बरखालून सोडून, रॉकेटने ढकलून, आणि त्याचं स्क्रॅमजेट (हायपरसॉनिक वेगात हवा ओढून चालणारं इंजिन) चाललं जेमतेम दहा सेकंद. 2013 मध्ये तशाच मानवविरहित एक्स-51ए च्या स्क्रॅमजेटने साडेतीन मिनिटं गाठली, तर तो विक्रम ठरला. ऐंशीच्या दशकात माणूस बसवून मॅक 5 च्या वर तासन् तास उडणारं विमान गुपचूप सेवेत होतं, यासाठी मला याहून बराच ठोस पुरावा लागेल.