जुना दोन हेडचा व्हीसीआर घ्यावा का?

प्रश्न (जुळे सोलापूर): घरी १९९२च्या गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची व्हीएचएस कॅसेट आहे. आजोबांनी मिरवणुकीतला उंच नंदीध्वज पेललाय त्यात. त्यांचं दुसरं चालतं-बोलतं चित्र आमच्याकडे नाही. जुन्या बाजारात दोन हेडचा व्हीसीआर १८००ला मिळतोय, चार हेडचा दुप्पट. एकदाच कॉम्प्युटरवर उतरवायचंय. कोणता घेऊ?

उत्तर (होटगी रोड): ताई, दोन हेडचा पुरे. हेड म्हणजे फितीवरचं चित्र वाचणारा भाग. चार हेडचा फायदा चित्र थांबवताना आणि एलपीत, म्हणजे फीत हळू चालवून भरलेल्या कॅसेटला. तुमची एसपीत, म्हणजे नेहमीच्या वेगात असणार, शूटिंगवाले शक्यतो तसंच भरायचे. खरी पारख मशीनची करा. सोबत टाकाऊ कॅसेट न्या, आजोबांची अजिबात नको! पुढं-मागं पळवून बघा. अडखळली तर बेल्ट किंवा रबरी चाक गेलंय, ते बदलता येतं. मग कॅसेट काढून फितीची कड बघा. चुरगळली असेल तर मशीन तिथंच सोडा, कितीही स्वस्त असू दे. चित्रात पांढरे ठिपके म्हणजे बहुधा हेड मळलंय. ते जाणकाराकडूनच पुसून घ्या; कापसाची काडी ड्रमवर (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर) वर-खाली फिरवली की हेड तुटतं.

उत्तर (सात रस्ता): आधी कॅसेटच्या खिडकीतून बघा. फितीवर पांढरी बुरशी असेल तर लावू नका, हेडही खराब होतं. आणि नवीन मशीनची वाट बघू नका, शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनंही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

प्रश्नकर्ती: बुरशी नाही, आत्ताच बघितलं. काका, रविवारी लग्नाची एक फुटकळ कॅसेट घेऊन जाते. चित्राच्या पिवळ्या पिनेतून कॉम्प्युटरच्या यूएसबी कॅप्चर डबीला जोडलं की झालं ना?

होटगी रोड: हो, आवाजाची पिनही जोडा. पहिल्याच वेळी रेकॉर्डिंग चालू ठेवा.