फिरत्या डिस्कवर प्रवाह टर्ब्युलंट (अस्ताव्यस्त, खळबळता) कुठून होतो? हिशोब कसा मांडायचा?

दांडियाबाजारकर (वडोदरा)
नमस्कार मंडळी. प्रोजेक्टसाठी ३०० मिमी व्यासाची ॲल्युमिनियमची सपाट डिस्क पाण्याच्या मोठ्या टाकीत ३०० आरपीएमने फिरवायची आहे. रेनॉल्ड्स नंबरसाठी (प्रवाह शांत की टर्ब्युलंट हे सांगणारा आकडा) व्यास घ्यायचा की त्रिज्या? टर्ब्युलंट कधी म्हणायचं, २३०० ला की ५ लाखांना? आमचे गाइड म्हणतात, टॉर्क (डिस्क फिरवायला लागणारा पीळ) मोजला की लगेच कळेल. शिवाय इथे मे महिन्यात टाकीचं पाणी चांगलंच तापतं, त्याने फरक पडतो का?

द्रवगती
२३०० हा पाइपचा आकडा आणि ५ लाख हा स्थिर सपाट प्लेटचा. डिस्कला दोन्ही लागू नाहीत.

इथे रेनॉल्ड्स नंबर म्हणजे कोनीय वेग गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (द्रवाचा चिकटपणा भागिले घनता). कोनीय वेग रेडियन प्रतिसेकंदात घ्या. आरपीएम तसाच घातला तर उत्तर साडेनऊपट चुकतं. त्रिज्येऐवजी व्यास घातला तर चौपट.

मुख्य म्हणजे अख्ख्या डिस्कला एकच नंबर लावून भागत नाही. केंद्रापासून कडेकडे जाताना नंबर वाढत जातो, त्यामुळे आतला भाग लॅमिनार (शांत, थराथराने वाहणारा) आणि बाहेरचा टर्ब्युलंट असं एकाच वेळी असतं. गुळगुळीत डिस्कवर साधारण ३ लाखांच्या आसपास प्रवाह टर्ब्युलंट होतो. त्याआधी, सुमारे १.९ लाखांपासून, पृष्ठभागाला चिकटून सर्पिल भोवरे दिसू लागतात. ग्रेगरी, स्टुअर्ट आणि वॉकर या संशोधकांनी १९५५ साली चिनी मातीचा लेप देऊन ते दाखवले. एका डिस्कवर असे तीसेक भोवरे मोजता येतात. कारण असं की डिस्क द्रव बाहेर फेकते, आणि त्या बाहेर जाणाऱ्या वेगाचा आलेख मध्येच वळण बदलतो. ते वळणच अस्थिर असतं.

तुमचे आकडे: ३०० आरपीएम म्हणजे ३१.४ रेडियन प्रतिसेकंद. पाणी ३० अंशांवर असेल तर व्हिस्कॉसिटी ०.८० गुणिले दहाचा उणे सहावा घात, चौरस मीटर प्रतिसेकंद. ३ लाखांवरून उलटा हिशोब केला की त्रिज्या ८७ मिमी येते. कडेवरचा नंबर सुमारे ८.८ लाख. आता तुमचा मे महिना: ४० अंशांच्या पाण्यात हीच सीमा ७९ मिमीवर येते, २० अंशांत ९८ वर जाते. म्हणून प्रत्येक रीडिंगसोबत पाण्याचं तापमान लिहाच. ते नसेल तर आलेखातले बिंदू का विखुरलेत हे कधीच कळणार नाही.

दांडियाबाजारकर
खूप आभार. मग टॉर्कच्या आलेखात ८७ मिमीची ही सीमा दिसेल ना?

द्रवगती
नाही दिसणार. टॉर्क जवळपास त्रिज्येच्या पाचव्या घाताने वाढतो. दोन्ही बाजू धरून हिशोब केला तर एकूण सुमारे ०.३४ न्यूटन-मीटर येतो, आणि त्यात ८७ मिमीच्या आतल्या लॅमिनार भागाचा वाटा जेमतेम ०.०१८, म्हणजे पाच टक्के. सीलचं घर्षण यापेक्षा सहज जास्त निघेल.

अजून एक जपा. लॅमिनारचं सूत्र (टॉर्कचा गुणांक ३.८७ भागिले नंबरचं वर्गमूळ) आणि टर्ब्युलंटचं (०.१४६ भागिले नंबरचं पंचममूळ) यांच्या रेषा जिथे छेदतात तोच संक्रमणबिंदू, असं बरेच जण धरतात. तो छेद ५५ हजारांवर येतो. प्रत्यक्षात तिथे प्रवाह निवांत लॅमिनार असतो.

मकरपुरा_लेथ
वरचं सगळं मोकळ्या डिस्कसाठी आहे. टाकीचा तळ जवळ असेल तर चित्र बदलतं. बाउंड्री लेयर (डिस्कसोबत ओढला जाणारा पाण्याचा थर) इथे लॅमिनार भागात ०.९ मिमीच्या आतबाहेर आहे आणि टर्ब्युलंट भागात त्याहून जाड, म्हणून दोन-तीन मिमीची फट ठेवू नका. समजा दोन्ही बाजूंना १० मिमी अंतरावर आवरण आहे, तर डेली आणि नीस या संशोधकांच्या १९६० च्या सूत्राने टॉर्क ०.१९ न्यूटन-मीटरच्या आसपास येतो, मोकळ्याच्या अर्ध्याहून थोडा जास्त, कारण मधलं पाणीही डिस्कसोबत फिरू लागतं. लहान टाकीतही दोन-चार मिनिटांत पाणी घुमू लागतं; भिंतीला उभ्या पट्ट्या लावा.

डिस्क शाफ्टवर बसवल्यावर कडेला डायल गेज लावून रनआउट (फिरताना कड किती डगमगते ते) बघा, ०.०५ मिमीच्या आत आणा. टर्निंगचे गोल चरे पॉलिश करून काढा. एकच खोल ओरखडा असला तरी त्याच्या मागे पाचरीच्या आकाराचा टर्ब्युलंट पट्टा लवकर सुटतो आणि तुमची सीमा आत सरकते. पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे चिकटले तर तेच होतं. पाणी भरल्यावर रात्रभर राहू द्या.

द्रवगती
सीमा डोळ्यांनी बघायची असेल तर हीच डिस्क हवेत फिरवा. दोन पोलची मोटर, २८८० आरपीएम. हवेची व्हिस्कॉसिटी १.६ गुणिले दहाचा उणे पाचवा घात धरली तर भोवरे १०० मिमीपासून आणि टर्ब्युलंट भाग १२६ मिमीपासून यायला हवा. डांबरगोळ्या ॲसिटोनमध्ये विरघळवून काळ्या रंगाच्या डिस्कवर पातळ फवारा. टर्ब्युलंट पट्ट्यात लेप आधी वाफ होऊन उडतो, आत पांढरा राहतो, आणि मधल्या कड्यात सर्पिल रेघा उमटतात. फवारताना जवळ ठिणगी नको, खिडक्या उघड्या ठेवा. कडेचा वेग ४५ मीटर प्रतिसेकंद होतो, तेव्हा जाळीचं गार्ड हवंच, पण ते डिस्कच्या तोंडापासून हातभर लांब लावा. शाफ्ट ज्या बाजूला आहे ती सोडून मोकळ्या बाजूचा फोटो घ्या.