२५ वर्षांनी कॉलेजच्या बॅचला भेटायचं आहे, ६० हजारांत कुठं आणि काय करावं?

महालची_लेक
आमची बी.ए.ची २००१ ची बॅच. नागपुरातलंच छोटं कला महाविद्यालय, वर्गात जेमतेम चाळीस जण. ग्रुपवर ३८ सापडले, येतील पंचवीस-तीस. ६० हजार जमलेत. त्याच्यावर एक रुपयाही मागणार नाही, कारण दोघं अजून तासिका तत्त्वावर शिकवतात, एकीचं छोटं किराणा दुकान आहे. पैशापायी कोणी घरी बसलेलं मला चालणार नाही. कुठं आणि कधी भेटावं? कॉलेजला काय द्यावं? अनुभव सांगा.

धंतोलीकर
ताई, पेंचकडे रिसॉर्ट घ्या. आमच्या बॅचनं दोन दिवस केलं, माणशी साडेसात हजार. रात्री शेकोटी, सकाळी सफारी, लोक अजून नाव काढतात. ६० मध्ये आजकाल काही होत नाही, थोडं वाढवा.

खामल्याचा_भाऊ
ताई सांगून राहिली की वर जाणार नाही, अन् तुम्ही रिसॉर्ट सांगून राहिले. असो. भेटवस्तूचं माझ्याकडून ऐका. २०१७ मध्ये आम्ही कॉलेजला प्रोजेक्टर दिला, ४२ हजारांचा. हारतुरे झाले, फोटो झाले. मागच्या वर्षी सहज गेलो तर तो स्टाफरूमच्या कपाटात, वरची पन्नीसुद्धा काढली नव्हती. रिमोट उघडला तर आतले सेल गळून हिरवे पडले होते. वर्गाच्या खिडक्यांना पडदेच नाहीत, दिवसा भिंतीवर काही दिसत नाही. हे आम्ही आधी पाहायला पाहिजे होतं. काही घ्यायच्या आधी एकदा कामाच्या दिवशी कॉलेजात जाऊन बसा.

पुण्यात_नागपूरकर
दिवाळीत ठेवा. आम्ही बाहेरचे तेव्हाच येतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी.

रामदासपेठ_काकू
दुसऱ्या दिवशी भाऊबीज असते हो! बायका येणार कशा? डिसेंबरात ठेवा, हवा छान असते. आणि वॉटर कूलर द्या, त्यावर बॅचचं नाव घालता येतं. प्रोजेक्टर नका देऊ, पडून राहतो.

खामल्याचा_भाऊ
काकू, तेच तर सांगितलं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते. सिव्हिल लाइन्सकडची हॉटेलं भरलेली, मोर्च्यांमुळे रस्ते बंद. जानेवारी बरा.

वऱ्हाडी_ठेचा
अधिवेशनाचं नाव काढलं म्हणून बोलतो. १९५३ च्या नागपूर करारात सरकार इथं दरवर्षी ठरावीक काळ बसेल असं ठरलं होतं. आता येतात कधी अन् जातात कधी समजत नाही. विदर्भाचे प्रश्न तसेच राहतात. याच्यावर कोणी बोलत नाही.

धंतोलीकर
बरोबर आहे तुमचं, पण त्याचा वेगळा धागा काढा. जेवणात सावजी ठेवा. पेंचला आम्ही खास इथून आचारी नेला होता.

निवृत्त_प्राध्यापक
मी ३१ वर्षं अशाच एका महाविद्यालयात शिकवलं. प्राचार्य तुम्हाला पहिल्यांदा विचारतील, माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत आहे का? महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या, माझ्या वेळच्या सात निकषांपैकी पाचवा विद्यार्थी साहाय्याचा होता. त्यात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग वेगळा मोजत आणि संघाची नोंदणी, आर्थिक मदत, सगळं पाहत. म्हणून आधी संघ करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, काम धर्मादाय कार्यालयात होतं. एकदा केलं की पुढच्या बॅचेसनाही उपयोग. लहान महाविद्यालयाला माणसं टिकवून ठेवावी लागतात, कारण आमच्याकडून कोणी कारखानदार होऊन परत येत नाही, शिक्षक, वार्ताहर, ग्रामसेवक होऊन येतात. त्यांनी येत राहावं, हे मला मनापासून वाटतं.

सदरचा_सीए
सरांचं बरोबर, पण नोंदणीनंतर दरवर्षी हिशेब तपासून दाखल करावे लागतात. ते कोण करणार हे आधी ठरवा. माझ्याकडे तीन संघ आहेत, तिन्हींचे खजिनदार फोन उचलत नाहीत. आणि ८०जी, म्हणजे देणगीवरची करवजावट: कॉलेजच्या संस्थेकडे त्याची मान्यता असेल तरच वजावट, दोन हजारांवर रोख दिलं तर नाही, नव्या कररचनेत तर नाहीच. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मित्राकडून पैसे घेऊ नका, त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते.

रामदासपेठ_काकू
वॉटर कूलरचं कोणी बोललं नाही. आमचा अजून चालतो.

महालची_लेक
सगळ्यांचे आभार. खामल्याच्या भाऊंचं ऐकून परवा कॉलेजात जाऊन बसले.

पाण्याचे कूलर तीन आहेत, तिघांवर बॅचेसची नावं. लायब्ररीत तेच काका होते, सुटीतही आम्हाला पुस्तकं घरी नेऊ देणारे. केतकरांच्या ज्ञानकोशाचा एक खंड त्यांनी टेबलावर ठेवला. पाठीचं कापड सुटलेलं, सुतळीनं बांधलेला. सुतळीखाली चारही कडांना जुन्या पोस्टकार्डाचे तुकडे लावले होते, दोरीनं पानं कापू नयेत म्हणून. असे दोनशेच्या वर ग्रंथ त्यांनी स्वतः बांधून ठेवलेत. काय द्यावं असं विचारलं तर म्हणाले, "एवढ्यांची बांधणी करून द्या पोरी, मी जायच्या आधी." ते ३० एप्रिलला निवृत्त होत आहेत.

म्हणून ठरलं. महालातल्या बाइंडरनं पुस्तकामागे १८० सांगितले, दोनशेचे ३६ हजार. कॉलेजच्याच नावानं चेक देऊ, पावती घेऊ. संघ आत्ता नाही करत. सर, रागावू नका, आमच्यात हिशेब सांभाळणारं कोणी नाही. आणि भेट एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी साडेसहाला, कॉलेजच्याच अंगणात कडुनिंबाखाली. तर्री पोहे, पन्हं, आणि काकांचा सत्कार.

पुण्यात_नागपूरकर
एप्रिल?? नागपूरचा एप्रिल?

रामदासपेठ_काकू
भट्टी असते हो! जानेवारीत काकांना घरून बोलवा की.

महालची_लेक
काकू, मला त्यांना त्यांच्या लायब्ररीतून उठून अंगणात येताना पाहायचं आहे. तारीख बदलणार नाही. मोठे डेझर्ट कूलर भाड्यानं कुठं मिळतील तेवढं सांगा, चार लागतील.

धंतोलीकर
भाड्यानं कशाला? माझ्या गोदामात दोन पडलेत, या मार्चमध्येच नवी खस भरणार आहे. टेम्पो पाठवा.

खामल्याचा_भाऊ
टेम्पो माझा. पण अंगणात प्लग किती आहेत ते आधी पाहून घ्या ताई.