सल्ला हवा: फेमाच्या नव्या पूर-नकाशात आमची रांग आली आहे, बदल कसा मागायचा?

ओढ्याकाठी
मंडळी, न्यू जर्सीत रारिटनला मिळणाऱ्या एका ओढ्याजवळ आमची वसाहत आहे. बरीच मराठी कुटुंबं आहेत. फेमाने (अमेरिकेची संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्था) टाउनशिपचा नवा प्राथमिक नकाशा काढला असून आतापर्यंत एक्स झोनमध्ये (मोठ्या पूरधोक्याच्या क्षेत्राबाहेर) असलेली घरांची मागची रांग एई झोनमध्ये (पूरक्षेत्रात) दाखवली आहे. एचओएमध्ये (घरमालकांच्या संघटनेत) तीन मतं आहेत: सर्वांच्या सह्यांचं निवेदन पाठवावं, प्रत्येकाने आपापली लोमा (आपलं घर पूरक्षेत्राबाहेर आहे असं फेमाचं पत्र) काढावी, किंवा वकील गाठावा.

परिस्थिती अशी. मागच्या रांगेतली काही घरं मुळातच टेकाडावर आहेत. दुसऱ्या टोकाची घरं बिल्डरने भराव टाकून बांधलेली आहेत. शिवाय ओढ्याच्या वरच्या अंगाला काउंटीने रस्त्याखालची जुनी अरुंद मोरी काढून मोठी बसवली, ती नकाशाच्या अभ्यासात धरलेली दिसत नाही. हरकतींची मुदत सुरू झाली आहे असं कळतं. कोणी, काय, कोणत्या क्रमाने करायचं?

नकाशावाचक
तुमच्या प्रश्नात तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि तिन्हींचे दरवाजे वेगळे आहेत. पण सगळ्यात आधी तारीख पक्की करा. हरकतीची मुदत ९० दिवसांची असते आणि ती स्थानिक वर्तमानपत्रात सूचना दुसऱ्यांदा छापून येते त्या दिवसापासून मोजतात. नकाशा जाहीर झाला किंवा टाउन हॉलमध्ये सभा झाली, त्या दिवसापासून नाही. टाउनशिपच्या फ्लडप्लेन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला (पूरक्षेत्राचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) ईमेलने विचारा: दुसरी प्रसिद्धी कधी, शेवटचा दिवस कोणता. उत्तर लेखी घ्या.

दुसरं, घरमालक हरकत थेट फेमाकडे पाठवत नाही. ती टाउनशिपच्या प्रमुखाकडे जाते. टाउनशिप सगळ्या हरकती एकत्र करून, त्यांना आपला पाठिंबा आहे की नाही हे लिहून, फेमाकडे पाठवते. म्हणून ८९व्या दिवशी टाउन हॉलमध्ये फाइल देऊ नका, त्यांनाही वाचायला वेळ लागतो. निदान तीन आठवडे हातात ठेवा.

तिसरं, सह्यांच्या निवेदनाने रेषा हलत नाही. प्रस्तावित पूरपातळी किंवा झोनची हद्द शास्त्रीय वा तांत्रिकदृष्ट्या चुकीची आहे हे आकड्यांनी दाखवलं तरच तिला 'अपील' म्हणतात. 'इथे तीस वर्षांत पाणी आलं नाही' हा पुरावा होत नाही, कारण नकाशा दरवर्षी १ टक्का शक्यता असलेल्या पुराचा आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे न येण्याची शक्यता ७४ टक्के! रस्त्याचं नाव किंवा गावाची हद्द चुकली असेल तर ती 'कॉमेंट' ठरते. तीही द्या, पण त्याने झोन बदलत नाही.

सह्या वाया जात नाहीत, फक्त पत्ता बदला. टाउनशिप कौन्सिलने इंजिनिअर नेमून स्वतः अपील करावं, ही मागणी त्या सह्यांनिशी करा. खर्च एकेकट्याच्या आवाक्यातला नसतो, आणि फेमाच्या हिशोबात 'कम्युनिटी' म्हणजे टाउनशिप, तुमची एचओए नाही.

जलगणित
मोरीबद्दल लिहितो, कारण तुमचं सर्वांत भक्कम प्रकरण तेच दिसतं, पण सगळ्यात जास्त घोटाळेही तिथेच होतात.

आधी मोरीचं काम कधी पूर्ण झालं ते बघा. पूर्ण झालेलं असूनही अभ्यासात जुनीच मोरी धरली असेल तर अपीलात तो मुद्दा चालतो. काम अजून व्हायचं असेल तर अपीलात उपयोग नाही. नकाशा प्रत्यक्ष जमिनीवर असलेलं दाखवतो, योजनेतलं नाही. नियोजित कामासाठी 'क्लोमर' हे सशर्त पत्र असतं, त्याने नकाशा बदलत नाही. काम झाल्यावर 'लोमर', म्हणजे नकाशा प्रत्यक्ष बदलणारं पत्र, मागावं लागतं.

इंजिनिअरने करायचं काम असं. फेमाकडून या अभ्यासाचं मूळ हेक-रास मॉडेल (ओढ्याची पूरपातळी काढणाऱ्या संगणक प्रणालीतलं) मागवायचं. पीडीएफ नको, चालवता येणाऱ्या फाइली. ते आपल्या संगणकावर चालवून तेच आकडे येतात का हे पडताळायचं. आले नाहीत तर पुढे जायचं नाही. मग मोरीच्या पूर्णत्वाच्या नकाशांतून तळाची पातळी, उघडी रुंदी, उंची आणि वरच्या रस्त्याची पातळी घ्यायची. काउंटीकडे फक्त डिझाइनचे नकाशे असतील तर सर्व्हे करून घ्या. डिझाइन आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत अर्ध्या फुटाचा फरक सहज असतो, आणि तपासणीत पहिला प्रश्न त्याचाच येतो. सुधारलेलं मॉडेल वरच्या आणि खालच्या टोकाला मूळ पातळीशी ०.५ फुटाच्या आत जुळलं पाहिजे. मध्येच तोडलेलं मॉडेल परत येतं.

आता कोणी बोलत नाही ती गोष्ट. मोठी मोरी बसवली की तिच्या वरच्या अंगाची पातळी उतरते, कारण तुंबणारं पाणी कमी होतं. पण तेच पाणी खाली लवकर पोचतं. मोरी तुमच्या वर आहे म्हणता, म्हणजे तुम्ही तिच्या खालच्या अंगाला आहात. हिशोब नीट केला तर तुमची पातळी थोडी वाढूही शकते! ओढ्याचा प्रवाह-आकडा मोरीमागचं साठवण धरून काढला होता की नाही, यावर ते ठरेल. कौन्सिलकडे पैसे मागण्याआधी अनुभवी इंजिनिअरकडून चार तासांची प्राथमिक तपासणी करून घ्या. वकिलापेक्षा तो खर्च आधी करा.

ओढ्याकाठी
हे लक्षातच आलं नव्हतं. मोरी वरच्या अंगाला आहे एवढ्यावरच आम्ही खूश होतो. बैठकीत मांडतो. टेकाडावरच्या घरांसाठी आत्ताच लोमा टाकता येईल का?

भूमापक
नाही. लोमा चालू अधिकृत नकाशावर मिळते, प्राथमिक नकाशावर नाही. पण तयारी आत्ता करा, कारण नवा नकाशा लागू झाला की परिसरातले सगळे सर्व्हेअर गुंतलेले असतात.

लोमाचा नियम एका आकड्यावर चालतो. घराला लागून असलेल्या जमिनीचा सर्वांत खालचा बिंदू पूरपातळीइतका किंवा वर हवा. पातळी ४६.० फूट असेल तर ४६.० चालतं, ४५.९ चालत नाही. तळमजल्याच्या लादीची उंची इथे कामाची नाही. लोक चुकतात ते मागच्या बाजूला. वॉक-आउट बेसमेंटचं दार, घराला जोडलेल्या डेकचा खांब, बाहेरच्या पायऱ्यांचा शेवट, हे सगळं मोजणीत धरतात. पुढून टेकाडावर दिसणारं घर मागच्या डेकपायी नापास होतं. डेक घराला जोडलेला असेल तर सर्व्हेअरला त्याच्या खांबाचीही पातळी घ्यायला सांगा.

कागद: शिक्क्यासह एलिव्हेशन फॉर्म किंवा एलिव्हेशन सर्टिफिकेट, काउंटीत नोंदलेल्या प्लॅट नकाशाची वा डीडची प्रत (नोंदणीचा क्रमांक व तारीख दिसली पाहिजे), आणि घराची जागा खुणावलेला फर्मेट, म्हणजे पूर-नकाशाचा छापील तुकडा. तो फेमाच्या मॅप सर्व्हिस सेंटरवर फुकट मिळतो. एका घरासाठी एमटी-ईझेड फॉर्म, अनेक घरांचा एकत्र अर्ज असेल तर एमटी-१. लोमाला फेमा शुल्क घेत नाही, खर्च होतो तो सर्व्हेअरचा. कागद पूर्ण पोचल्यापासून साधारण ६० दिवसांत उत्तर येतं. नोंदणीकृत सर्व्हेअर ई-लोमा वापरत असेल तर बरंच लवकर येतं, म्हणून नेमतानाच हे विचारा.

डेटम, म्हणजे उंची कुठल्या शून्यापासून मोजली तो आधार, तपासा. जुन्या कागदांवर एनजीव्हीडी २९ असतं, नव्या नकाशावर एनएव्हीडी ८८. मध्य न्यू जर्सीत दोहोंत सुमारे १ फुटाचा फरक पडतो आणि जुन्या डेटममधला आकडा मोठा दिसतो. घर विकत घेताना मिळालेलं जुनं सर्टिफिकेट बघून कोणी 'आपण वर आहोत' म्हणत असेल तर आधी डेटम बघा.

नकाशात घर रेषेबाहेर स्पष्ट दिसत असूनही बँकेने पूरक्षेत्रात धरलं असेल, तर उंची मोजायचीही गरज नाही. 'नकाशातच बाहेर' अशी लोमा मागता येते.

नकाशावाचक
भरावाच्या घरांबद्दल राहिलं. नेहमीचा नियम असा की पूरक्षेत्रात भराव टाकून उचललेल्या जमिनीला लोमा मिळत नाही, 'लोमर-एफ' हे भरावासाठीचं वेगळं पत्र लागतं. त्याला शुल्क आहे, आणि टाउनशिपचा पोच-फॉर्म लागतो, ज्यात जमीन व इमारती पुरापासून वाजवी सुरक्षित आहेत असं टाउनशिपला लिहून द्यावं लागतं. बेसमेंट असेल तर ही सही सहज मिळत नाही आणि मिळू नये, कारण भरावातून पाणी झिरपून बेसमेंटच्या भिंतीवर दाब येतो. फ्लडवेमध्ये, म्हणजे पुराच्या मुख्य प्रवाहमार्गात टाकलेल्या भरावाला लोमर-एफ मिळतच नाही.

पण तुमच्या बाबतीत एक महत्त्वाचा अपवाद लागू शकतो. ती जागा पूरक्षेत्रात दाखवणारा पहिला नकाशा लागू होण्याआधीच भराव पडलेला असेल, तर तो नैसर्गिक जमीन म्हणून धरतात आणि साधी लोमा चालते. तुम्ही आतापर्यंत एक्स झोनमध्ये होतात म्हणता. मॅप सर्व्हिस सेंटरवर जुने, रद्द झालेले नकाशेही आहेत, ते सगळे उघडून बघा. कुठल्याच नकाशात ती जागा आत नसेल, तर भरावाची तारीख सिद्ध करणारे कागद जमवा: ग्रेडिंग परमिट, बिल्डरचा अ‍ॅज-बिल्ट आराखडा, जुनी हवाई छायाचित्रं.

सरहद्द
टाउनशिपच्या बाजूने थोडं. अपील गेल्यावर फेमाचं उत्तर पटलं नाही तर कम्युनिटीला सायंटिफिक रिझोल्यूशन पॅनेल मागता येतं. तीन किंवा पाच स्वतंत्र तज्ज्ञ असतात. त्याआधी फेमाशी निदान ६० दिवस सल्लामसलत झालेली असावी लागते. पॅनेल फक्त मुदतीत दिलेली आकडेवारी बघतं, नवं काही घेत नाही. म्हणजे ९० दिवसांत जे दिलं नाही ते नंतरही कामाला येत नाही.

मग अंतिम निर्णयाचं पत्र येतं आणि तिथून सहा महिन्यांनी नकाशा लागू होतो. त्या सहा महिन्यांत टाउनशिपने नकाशा स्वीकारणारा अध्यादेश मंजूर करावाच लागतो. 'आम्हाला नकाशा मान्य नाही, ठराव अडवा' अशी मोहीम काही ठिकाणी चालते. कृपा करून त्यात पडू नका. ठराव झाला नाही तर टाउनशिप राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमातून निलंबित होते आणि ज्यांची घरं खरंच ओढ्यात आहेत त्यांनाही पॉलिसी मिळत नाही.

अपीलाची वेळ गेली तरी दार बंद होत नाही. नकाशा लागू झाल्यावर लोमर मागता येतं. त्याला एमटी-२ फॉर्म लागतात आणि पहिल्या फॉर्मवर टाउनशिपच्या प्रमुखाची किंवा त्यांनी नेमलेल्याची सही हवीच. तपासणी ९० दिवसांची म्हणतात, पण प्रत्येक वेळी जास्तीची माहिती मागितली की घड्याळ पुन्हा सुरू होतं. प्रकल्पावर आधारित लोमरला काही हजार डॉलर शुल्क आहे. नकाशातली चूक दुरुस्त करण्यासाठी असेल तर शुल्क माफ. अर्जात हे पहिल्या परिच्छेदातच लिहा.

आणि नियमाने, पूरपातळीवर परिणाम करणारा बदल झाला की सहा महिन्यांच्या आत त्याची माहिती फेमाला देणं कम्युनिटीवर बंधनकारक आहे. मोरीबाबत ती दिली गेली का, हे कौन्सिलच्या बैठकीत विचारण्यासारखं आहे.

विमावाला नाही
लोमा मिळाल्यावर हप्ता कमी होईल या आशेवर असाल तर ऐका. ऑक्टोबर २०२१ पासून नव्या पॉलिसींचा हप्ता झोनवर ठरत नाही, घराची जागा, पाण्यापासूनचं अंतर, उंची आणि पुनर्बांधणीचा खर्च यांवर ठरतो. लोमाने सुटते ती गृहकर्जाबरोबर पूरविमा घेण्याची संघीय सक्ती. बँक तरीही विमा मागू शकते, म्हणून पत्र आलं की बँकेकडून लेखी माफी घ्या, मगच पॉलिसी रद्द करायचा विचार करा. मी तर म्हणेन ठेवा. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसाने आपल्या राज्यात नकाशातल्या रेषांबाहेरही पाणी घुसलं. घराच्या साध्या पॉलिसीत पूर धरलेला नसतो.

आणखी एक: लोमा फेमाची असते, राज्याची नाही. न्यू जर्सीचे पूरक्षेत्राचे नियम वेगळे व कडक आहेत. २०२३ च्या नियमाने नदीकाठची डिझाइन पूरपातळी २ फुटांनी वर नेली. मागे खोली वाढवायची असेल तर लोमा दाखवून राज्याची परवानगी टळत नाही.

कृष्णाकाठचा
विषय थोडा सोडून: सांगलीत आईवडिलांचं घर निळ्या रेषेत आलं आहे. तिकडेही अशी लोमा मिळते का?

सरहद्द
तशी घरनिहाय पत्राची पद्धत तिकडे नाही. महाराष्ट्रात पूररेषा जलसंपदा विभाग आखतो: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत नव्या बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटींवर परवानगी. रेषेचा संबंध विम्याशी नसून बांधकाम परवानगीशी आहे. तिथेही मागणी आकड्यांनीच करावी लागते, फेरसर्वेक्षणाची, आणि ती महापालिकेमार्फत गेली तर वजन पडतं. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

ओढ्याकाठी
सर्वांचे आभार. एक शेवटचं: एका शेजाऱ्याकडे आधीच्या नकाशावरची जुनी लोमा आहे. नवा नकाशा लागू झाल्यावर ती चालते का?

भूमापक
आपोआप नाही. नवा नकाशा लागू होताना फेमा टाउनशिपला जुन्या पत्रांची यादी पाठवते, तिला सोमा म्हणतात. त्यात प्रत्येक पत्र चारांपैकी एका गटात असतं: नव्या नकाशात सामावलेलं, पुन्हा वैध केलेलं, रद्द झालेलं, किंवा पुन्हा तपासायचं. वैध केलेल्या पत्रांचं एकत्रित पत्र नवा नकाशा लागू होण्याच्या दुसऱ्या दिवसापासून चालू होतं, ते टाउनशिपकडून घेऊन बँकेला द्यायचं. शेजाऱ्यांकडची पूरपातळी नव्या नकाशात वाढली असेल तर पत्र बहुधा रद्दच्या गटात जाईल, मग नव्या आकड्याशी जुन्या सर्टिफिकेटची तुलना करून पुन्हा अर्ज करायचा. सोमाचा प्राथमिक मसुदा प्राथमिक नकाशाबरोबरच टाउनशिपकडे आलेला असतो. त्यात त्यांचं पत्र मुळात आहे का ते याच आठवड्यात बघायला सांगा. यादीतून सुटलं असेल तर मुदतीतच कॉमेंट म्हणून कळवायचं.