बूस्टर पंपाला प्रेशर टँक किती लिटरचा घ्यावा? पंप सारखा चालू-बंद होतोय

मंडळी, प्लंबर आणि दुकानदाराच्या कात्रीत सापडलोय, जरा सोडवा.

घर साताऱ्यात, तळमजला आणि वर एक मजला. गच्चीवर हजार लिटरची टाकी, पण जेमतेम तीन फुटी कट्ट्यावर. टाकीतलं पाणी आणि वरच्या बाथरूमचा शॉवर यात सहा-सात फुटांचं अंतर, म्हणजे दाब ०.२ बार. (दहा मीटर उंचीला साधारण एक बार, हे शाळेत पाठ केलं होतं, साबण लावून शॉवरखाली उभा राहिलो तेव्हा पटलं.) म्हणून तीन वर्षांपूर्वी टाकीच्या आउटलेटवर अर्धा एचपीचा बूस्टर बसवला, सोबत प्रेशर स्विच (दाब बघून पंप चालू-बंद करणारा) आणि २४ लिटरचा लाल प्रेशर टँक. स्विच दीड बारला चालू, अडीचला बंद.

दोन वर्षं काही बघावं लागलं नाही. गेल्या पावसाळ्यापासून मात्र नळ बारीक सोडून दात घासायला उभं राहिलं की टक्‌-घूंऽ-टक्‌, दर चार-पाच सेकंदांनी. गेजचा काटा झटक्यात अडीचवर जातो आणि तितक्याच झटक्यात दीडवर पडतो. नळ सगळे बंद असले की पंप गप्प असतो, म्हणजे गळती नसावी. आईची खोली गच्चीच्या जिन्याला लागून. रात्री कुणी फ्लश केला की ती उठून बसते.

प्लंबर म्हणतो टँक लहान पडतोय, १०० लिटरचा घाला. दुकानदार म्हणतो टँक काढा, ऑटोमॅटिक कंट्रोलर लावा, म्हणजे नळ उघडला की पंप चालू, मिटला की बंद. घरात चार माणसं, दोन बाथरूम, एक गीझर. किती लिटरचा घेऊ?

नळदमयंती: दोन वर्षं पुरला तो टँक आता लहान कसा झाला? आटला का? आधी त्यातली हवा बघा. आत रबरी ब्लॅडर, म्हणजे फुग्यासारखी पिशवी असते, त्यात पाणी आणि बाहेरून हवा. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि तीच पंप बंद असताना पाणी ढकलते. हवा गेली की टँक म्हणजे नुसता जाड पाइप. तुमचा काटा उड्या मारतोय तो त्यामुळेच.

पंपाचा स्विच बंद करा, टाकीकडचा कॉक बंद करा, नळ उघडून लाइन रिकामी होऊ द्या. टँकच्या मागे प्लॅस्टिकची टोपी असेल, तिच्याखाली स्कूटरच्या ट्यूबला असतो तसाच वॉल्व्ह. पिन दाबा. पाणी आलं तर ब्लॅडर फाटला. काहीच आलं नाही तर हवा भरा. दीड बार म्हणजे हवा भरायच्या गेजवर २२ पीएसआय, त्याच्या दोन-तीन खाली, १९-२० ठेवा. आणि हे रिकाम्या टँकमध्येच मोजायचं हं. पाणी असताना गेज लावलं तर पाण्याचाच दाब दिसतो, बहुतेक जण तिथे फसतात.

गच्चीवरचा: + १. कंट्रोलर नको. एकट्या कंट्रोलरवर मगभर पाण्यालाही पंप सुरू होणार, आई रोजच उठणार. हवा नीट असेल तर तुमच्या सेटिंगला २४ लिटरचा टँक पंप न लावता सहा लिटर पाणी देतो. ५०-६० लिटरचा घेतलात तर १३ ते १५, म्हणजे जवळजवळ बादलीभर. चौघांना त्याच्या वर जायची गरज नाही. १०० लिटरचा सल्ला देणाऱ्याने तो जिन्यातून स्वतः वर न्यावा. आणि जोर वाढवायला प्रेशर स्विचचा स्क्रू पिळू नका; पिळायचाच तर गीझर किती दाब सोसतो, त्याच्या पाटीवर किती बार लिहिलेत ते आधी वाचा.

धागाकर्ता: पिन दाबली आणि तांबूस पाण्याची पिचकारी थेट चष्म्यावर! ब्लॅडरच गेला. दुकानात सुटा मिळतोय, नव्या टँकपेक्षा बराच स्वस्त, म्हणून सध्या २४ लिटरचाच ठेवतो. टँकच्या तोंडावरच्या झाकणाच्या (फ्लँजच्या) सहा नटांपैकी चार सुटले, दोन गंजून जाम. रात्रभर तेल मुरवत ठेवलंय. आईचं अंथरूण आजपुरतं खालच्या खोलीत.